रुमालाखालचा आकडा

आमच्या शहापूर तालुक्यात धरणं आहेत आणि उन्हाळ्यात टँकर आहेत. धरणातलं पाणी मुंबईला जातं आणि टँकरमधलं आमच्या हंड्यात पडतं, तेही टँकर आला तर. त्यामुळे तानसा धरण कुठल्या जिल्ह्यात आहे, असं आमच्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. ज्याच्या दारावरून मोठा पाइप जातो आणि ज्याचा नळ कोरडा असतो, त्याला हा भूगोल शिकवावा लागत नाही. हा प्रश्न जाहीरपणे विचारला गेलेला आमच्यातला माणूस एकच. चार कॅमेऱ्यांसमोर बसून त्याने उत्तर दिलं, नाशिक. स्टुडिओत दिवे त्या लोकांनी लावलेलेच होते, उरलेले आमच्या माणसाने लावले. मी त्याच्यापासून दहा हातांवर पाहुण्यांच्या खुर्चीत बसलो होतो.

तो माझा मित्र आहे, असं त्या दोन-तीन महिन्यांत मी बऱ्याच जणांना सांगितलं. त्याआधी कुणी विचारलं असतं तर ओळखीचा आहे म्हणालो असतो. घरोघर फिरून विजेचे मीटर वाचायचं काम तो करायचा, त्यामुळे अर्धा तालुका त्याच्या ओळखीचा होता. खांद्याला पिशवी, पिशवीत वह्या आणि वह्यांखाली सामान्यज्ञानाचं एखादं पुस्तक. दोन पाड्यांच्या मधल्या पायवाटेवर तो देशांच्या राजधान्या पाठ करायचा. आमच्याकडे आला की मीटरचा आकडा लिहून घ्यायचा आणि जाता जाता मला एक प्रश्न घालायचा. मला उत्तर आलं की खूश व्हायचा आणि नाही आलं तरी तेवढाच खूश व्हायचा. या त्याच्या खुशीचा मला राग यायचा.

राग यायला कारण होतं. तालुक्याचा मान्यताप्राप्त ज्ञानी मी होतो. मी एका हायस्कुलात क्लार्क, आणि शिक्षकांच्या खोलीत वाद झाला की निवाड्याला मला बोलवायचे. वर्तमानपत्रातली कोडी, रेडिओवरच्या स्पर्धा, पोस्टकार्डावर उत्तर पाठवायच्या योजना, यांत माझी उमेदीची वर्षं गेली होती आणि बक्षीस म्हणून एक अलार्मचं घड्याळ मिळालं होतं. मग टीव्हीवर ती प्रश्नमंजुषा सुरू झाली. दोन हजार साल उलटून गेलं होतं, घरात फोन असणं ही अजून मोठी गोष्ट होती. कार्यक्रमाच्या शेवटी एक प्रश्न दाखवायचे, दिलेल्या नंबरावर फोन करून उत्तर सांगायचं आणि बोलावण्याची वाट बघायची. मी एसटीडी बूथवरून इतक्या वेळा उत्तर सांगितलं की बूथवाला मला लांबून बघूनच स्टूल पुसायचा. तो नंबर सकाळी लवकर फिरवला की लागतो, ही युक्ती या मीटरवाल्याला मीच सांगितली. त्याने एकदाच फिरवला. पंधरा दिवसांत त्याला बोलावणं आलं. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. माझ्या बाबतीत देवाला मध्ये पडायचे कष्टही पडले नाहीत.

स्पर्धकाने सोबत एक माणूस आणायचा होता. त्याच्या घरात आई आणि धाकटी बहीण. आईला गाडी लागते आणि बहिणीला घरी थांबायला हवं, असं सांगत तो माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, "दादा, तुमी चला. तुमी समोर दिसलाव तर मला धीर येईल." मी शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि कारण लिहिलं, नातेवाइकाचं महत्त्वाचं काम.

त्याला तिथे जायचं होतं ते नुसतं हौसेने नाही, हेही सांगून टाकतो. बहीण सव्वीस वर्षांची झाली होती, आणि आमच्या गावांत ते वय सांगताना आवाज आपोआप खाली येतो. आदल्या वर्षी मुरबाडकडचं एक घर तिला बघून गेलं होतं. मुलगा एमआयडीसीत कामाला, मुलाचा बाप जुना बैलबाजारातला माणूस. पोहे खाल्ले, पोरगी आवडली असंही बोलले आणि कळवतो म्हणून गेले. मग वर्षभर त्यांनी काही कळवलं नाही. बहिणीला तो मुलगा मनापासून पसंत होता आणि तिचं होईस्तोवर स्वतः बोहल्यावर चढायचं नाही, असं भावाने ठरवलेलं होतं. टीव्हीवर नाव झालं तर ते घर परत वळून बघेल, एवढाच त्याचा हिशोब होता.

आता त्याच्या बापाबद्दल थोडं. तो आठ-दहा वर्षांपूर्वीच वारला होता, पण या सगळ्यात त्याचा हात मोठा आहे. तो बैलांचा दलाल होता आणि मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत त्याच्या शब्दाला वजन होतं. तिथे सौदा तोंडाने होत नाही. दोघे एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं उभी असतात आणि कुणाला काही कळत नाही. मूठ वळली की समजायचं, काही नाही. या कामाचे नियमही आहेत. रुमालाखाली खोटं बोलायचं नसतं, एकदा दाबलेला आकडा पुन्हा विचारायचा नसतो आणि तिथे झालेलं बाहेर कुणाला सांगायचं नसतं. रुमालाबाहेर मात्र सगळं चालतं. तिथे बैलाचं वय, चाल, खोड यावर तास तास बोलाचाली होते, आणि तिथल्यासाठी बापाने पोराला एक धडा दिला होता. तो पोराने मला जाताना गाडीत अभिमानाने ऐकवला. "समोरचा एकदा विचारतो ते ऐकायला. दुसऱ्यांदा विचारतो ते खातरीला. तिसऱ्यांदा विचारलं का समजायचं, त्याला कायतरी दिसलंय जे आपल्याला दिसलेलं नाय. मग लगेच मागं फिरायचं." मी म्हणालो, वा. मला काय माहीत, हा धडा तो तिथे घेऊन बसणार आहे ते.

पहिले सहा प्रश्न त्याने लीलया सोडवले. खोटं का सांगू, मला त्यातले दोन येत नव्हते. त्या सहा प्रश्नांना सूत्रधार एकदाच "नक्की?" म्हणायचा. सातव्यापासून रक्कम मोठी व्हायची, म्हणून बघणाऱ्याच्या छातीत धडधड व्हावी यासाठी तो तीनदा विचारायचा. हा कार्यक्रमाचा ठरलेला रिवाज होता. सातवा प्रश्न तानसाचा आला आणि मी कपाळाला हात लावला. इतका सोपा प्रश्न माझ्या वाट्याला जन्मात आला नव्हता.

तो हसून म्हणाला, ठाणे. सूत्रधाराने विचारलं, नक्की? तो म्हणाला, हो. सूत्रधार पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, पूर्ण विचार केलाय? तो म्हणाला, हो, आमच्याच तालुक्यात आहे. मग सूत्रधार टेबलावर पुढे वाकला आणि अगदी हळू आवाजात तिसऱ्यांदा म्हणाला, बघा हं. मी त्याचा चेहरा बघत होतो. त्याचं हसू गेलं. डोळे बारीक झाले. ज्या धरणाच्या काठावर त्याने लहानपणी गुरं चारली, ते धरण त्याने डोळ्यांदेखत उचललं आणि नाशिक जिल्ह्यात नेऊन ठेवलं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिलं नाही तर या सगळ्याला अर्थ नाही. मला आनंद झाला. वाईट वाटलं, पण ते नंतर, पार्किंगमध्ये. पहिला आनंदच झाला.

नियम असा होता की उत्तर चुकलं की आधीचं सगळं गेलं. हातात मिळाला तो प्रायोजकाचा प्रेशर कुकर, पाच लिटरचा. निघण्याआधी आम्हा दोघांना एका खोलीत नेऊन कागदावर सह्या घेतल्या. कार्यक्रम दाखवला जाईपर्यंत निकाल कुणालाही तोंडी अथवा लेखी सांगणार नाही, असं त्यावर होतं. परतीच्या वाटेवर तो कुकरचं खोकं मांडीवर घेऊन बसला होता. कल्याण गेल्यावर बोलला. "दादा, तो सगळ्यांनाच तीनदा विचारतो, ते मला माहीत व्हतं. दर आठवड्याला बघतो ना मी. पण तो तिसऱ्यांदा बोलला आन समोर मला बाबाच दिसला."

कुकर घरी नेला तर सगळं फुटेल, म्हणून तो त्याने माझ्याकडे ठेवला. पुढे दोन महिने आमच्या घरी तालुक्यातल्या सर्वांत मोठ्या गुपितात वरण शिजत होतं. बायकोला मी सांगितलं की सोसायटीच्या सोडतीत लागला. ती म्हणाली, तुम्हाला? आणि पुढे काही बोलली नाही.

गुपित ठेवायची आमच्या तालुक्याला सवय नाही. कोण किती जिंकून आला हे कळत नाही म्हटल्यावर लोकांनी ते स्वतःच ठरवायला घेतलं. पहिल्या दिवशी पन्नास हजार होते. त्याने काही सांगायचं नाही म्हटल्यावर एक लाख झाले. तो मान खाली घालून मीटर वाचतो हे बघितल्यावर तीन लाख झाले. त्याने तुटलेल्या चपलेचा अंगठा शिवून घेतला, तेव्हा चांभाराच्या ठेल्यावरच कुणीतरी म्हणालं की बघा, पैसा लपवायची कशी धडपड चाललीय, पाचाच्या खाली नाय. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ज्याने केली त्याच्या काळी स्वस्ताई असावी.

मग सत्कार सुरू झाले. तेव्हा फ्लेक्सची छपाई आमच्याकडे नुकतीच आली होती आणि लोकांना छापायला माणसं कमी पडत होती. नाक्यावर त्याचा फ्लेक्स लागला. मध्ये तो, भोवती सदिच्छा देणारे सतरा जण, आणि सतरापैकी एकानेही सातव्या प्रश्नाचं उत्तर विचारलेलं नव्हतं. तीन मंडळांनी तीन शाली दिल्या. तो स्टेजवर हात जोडून उभा राहायचा आणि दोन शब्द बोला म्हटलं की मान हलवायचा. वक्ते म्हणायचे, एवढा मोठा झाला पण पाय जमिनीवर आहेत. पाय बिचाऱ्याचे लटपटत होते, ते पहिल्या रांगेतून मला दिसत होतं. प्रत्येक सत्काराला त्याचा मित्र म्हणून मलाही नारळ मिळायचा आणि मी तो घ्यायचो.

आणि मुरबाडकडून निरोप आला. वर्षभर न कळवणाऱ्या घराने मध्यस्थाकरवी कळवलं की आमचं पक्कं आहे, म्हशाच्या जत्रेत भेटू, तिथेच दिवस धरू. त्याच्या आईने देवापुढे साखर ठेवली. बहीण दिवसभर कारण नसताना अंगण सारवत होती म्हणे. संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि ओटीवर बसून राहिला. बोलला तर सही मोडते. नाही बोलला तर बहीण खोट्या आकड्यावर त्या घरात जाते आणि कार्यक्रम लागला की दुसऱ्या दिवसापासून सासरी रोज तोच आकडा ऐकते. मी त्याला शहाणपणाचा सल्ला दिला की गप्प राहा, लग्न होऊन जाऊ दे, मग कोण काय करणार आहे. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा आणायला आत गेलो.

पौषात म्हशाची जत्रा भरली. मी ब्लँकेट घ्यायचं निमित्त काढून त्याच्याबरोबर गेलो. किन्हवली, सरळगाव करत जीपने पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि बैलबाजारात धूळ उडत होती. एका झाडाखाली ते होणारे व्याही बसले होते. सत्तरीचे, काटक, डोक्याला टोपी, खांद्यावर रुमाल. आजूबाजूला त्यांचे बाजारातले दहा-पंधरा सोबती. त्यातल्या अर्ध्यांनी त्याच्या बापाला ओळखलेलं होतं. चहा झाला, बापाच्या आठवणी झाल्या, आणि मग मध्यस्थाने हसत हसत विषय काढला की आता पोरगा एवढा गाजलाय, तर आकडा काय तो घरच्या माणसाला तरी कळू दे. सगळे हसले. सगळे थांबलेही.

तो उठला. व्याह्यांसमोर उकिडवा बसला, स्वतःच्या गळ्यातला टॉवेल काढून उजव्या हातावर टाकला आणि तो हात पुढे केला. म्हाताऱ्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, चहाचा कप बाजूला ठेवला आणि आपला हात टॉवेलाखाली घातला. दोन श्वास घ्यायला लागतील तेवढा वेळ गेला असेल. म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी हात काढला, टॉवेल झटकून घडी घातला, त्याच्या खांद्यावर परत ठेवला आणि म्हणाले, "येत्या रविवारी आमी येतो. पाच माणसं. साखरपुडा करून टाकू."

बघ्यांना काय, तेवढं पुरे होतं. म्हातारा एका शब्दाची घासाघीस न करता तयार झाला म्हणजे आकडा केवढा असेल, यावर जत्रेत संध्याकाळपर्यंत चर्चा झाली आणि आम्ही शहापूरला पोचायच्या आधी दहा लाख तिथे पोचले होते. जीपमध्ये मी त्याला हळूच विचारलं, काय दिलंस? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "रुमालाखालचं विचारायचं नसतं, दादा."

मी काय ते समजलो. म्हणजे मला तसं वाटलं. खरं सांगितलं असतं तर म्हातारा उठून गेला असता, तो उठला नाही, म्हणजे याने आकडा खोटा दाबला. साधा तर्क होता आणि आयुष्यभर कोडी सोडवल्यामुळे तर्कावर माझा फार विश्वास. रविवारी साखरपुडा झाला. पोरगी अशी काही हसत होती की तिच्याकडे बघवत नव्हतं. मी पेढा खाल्ला आणि मनात म्हटलं, बघा, साध्या माणसाचा सोंगाड्या कसा होतो ते.

कार्यक्रम ज्या दिवशी दाखवणार होते त्याच्या दोन दिवस आधी मी मुरबाडची गाडी धरली. का, ते मी स्वतःला नीट समजावून ठेवलं होतं. फसवणूक होतेय, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा. मुरबाडच्या स्टँडवर उतरून पुढे त्यांच्या गावापर्यंत चालत जाताना ही सगळी वाक्यं मी पाठ म्हणत होतो. त्यांत एकच वाक्य नव्हतं, आणि तेच खरं होतं. मला बोलावणं आलं असतं तर मी ठाणेच म्हणालो असतो, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नव्हतं.

म्हातारे अंगणात दोर वळत बसले होते. मला ओळखून त्यांनी खाट दाखवली आणि आत चहा सांगितला. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग आवाज खाली आणून सगळं सांगून टाकलं. सातवा प्रश्न, तानसा, नाशिक, कुकर. त्यांचे हात दोर वळत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "मूठ व्हती."

त्यांनी दोराला आणखी एक पीळ दिला.

"रुमालाखालचं बाहेर सांगू नये, पन तुमाला सगळं ठावंच हाय. खोटं नाय सांगत तुमाला, आमी आकड्यासाठीच आलो व्हतो. घरच्यांनी तगादा लावला म्हनून निरोप धाडला. पन त्यानं मूठ दिली. आपल्या बहिनीचं ठरलेलं लगीन मोडंल, हे समजून दिली. चाळीस वरसं बाजारात घालवली मी, आपल्याच नुसकानीचं इतकं खरं सांगनारी दोनच मानसं भेटली. एक त्याचा बाप व्हता." मग चहा आला. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि अगदी साध्या आवाजात, वेळ विचारावी तसं विचारलं, "त्या कागदावर तुमीबी सही केली व्हती ना, भाऊसाहेब?"

त्यांनी एकदाच विचारलं. मी चहा तसाच कढत प्यायलो आणि निघालो.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी त्याच्या गावात देवळाच्या सभामंडपात टीव्ही आणून ठेवला होता. सहाव्या उत्तरापर्यंत फटाके तयार होते. मग तानसा आला, लोकांनी एका सुरात ठाणे म्हटलं, त्यानेही ठाणे म्हटलं, आणि मग काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. लोक चपला शोधायला लागले. मागून एक म्हातारी म्हणाली, पहिलं बरोबर बोललेला तो, आणि तिला सगळ्यांनी गप्प केलं. तो खांबाला टेकून शेवटपर्यंत उभा राहिला आणि टीव्ही मंडपातून परत पोचवायलाही तोच गेला.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरचा फ्लेक्स उतरला. सदिच्छा देणाऱ्या सतरांपैकी एकाने तो आपल्या गोठ्यावर टाकला, छापील बाजू खाली करून, त्यामुळे पुढे दोन पावसाळे त्याचा हसरा चेहरा फक्त म्हशींना दिसत होता. दहा लाखांचं नाव कुणी काढलं नाही. आपल्याला आधीच शंका होती, असं मात्र सगळ्यांनी सांगितलं. मीटर वाचायला तो ज्या ज्या दारात गेला तिथे त्याला तानसा कुठे रे, असं विचारलं गेलं. तो न चिडता नाशकात म्हणायचा, आकडा लिहून घ्यायचा आणि पुढच्या घरी जायचा.

मुरबाडचं घर आता सोयरीक मोडणार, म्हणून लोक वाट बघत बसले. कुणी त्याच्या आईला धीर द्यायला गेलं, कुणी आधीच दुसरी स्थळं सुचवली. मीही वाट बघत होतो, पण वेगळ्या गोष्टीची. म्हाताऱ्यांनी त्याला माझं येणं सांगितलं की नाही, हे मला कळत नव्हतं. तो माझ्याकडे पूर्वीसारखाच यायचा, पूर्वीसारखाच प्रश्न घालायचा. मी उत्तर आलं तरी चुकीचं द्यायला लागलो होतो.

लग्न उन्हाळ्यात झालं, मुलीच्याच दारात. कुकर मी खोक्यात घालून आणून दिला. बायकोने तो चिंचेने घासून लख्ख केला होता आणि सोडतीबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. जेवणाआधी मानकऱ्यांना टोपी-टॉवेल द्यायचे होते. मुलाकडच्यांनी हातातली यादी वाचायला घेतली. मामा झाला, चुलता झाला आणि मग माझं नाव आलं. मुलीचा मोठा भाऊ, असं त्यापुढे लिहिलेलं होतं. ती यादी तिच्या सख्ख्या भावाने स्वतःच्या हाताने केली होती.

मी उठून पुढे गेलो. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. म्हाताऱ्यांनी मला टोपी घातली. मग टॉवेल खांद्यावर न टाकता त्यांनी माझा उजवा हात धरला आणि टॉवेल त्या दोन हातांवर टाकला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मला विचारायचं होतं, त्याला सांगितलंत का? त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. टॉवेलाखाली त्यांनी माझ्या तळहातात मूठ वळली आणि एकदाच दाबली. काही नाही. कुणाला काही सांगितलं नाही.

मग त्यांनी टॉवेल माझ्या खांद्यावर नीट ठेवला आणि पुढचं नाव वाचायला सांगितलं. मांडवाच्या खांबापाशी तो उभा होता. त्याने सगळं बघितलं होतं. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तो माझ्याकडे बघून हसला, पंगतीचं बघायला हवं म्हणाला आणि माझ्या हाताला धरून मला घेऊन गेला. त्याने मला विचारलं नाही. रुमालाखालचं विचारायचं नसतं, हे त्याला बापाने शिकवलेलं होतं.